शिरूरचं बंदर

एस्तेरबाई साळवे कुणाच्याही बोलण्यात पदरचा शब्द घालत नसत. हे वाक्य वाचायला सोपं आहे. शिरूरजवळच्या एका जपानी कारखान्यात दुभाष्याचं काम करताना ते पाळणं किती अवघड असतं, हे मी पर्सनल खात्यात बसून बरीच वर्षं पाहिलं. दुभाषा म्हणजे दोन्ही बाजूंच्या चुका झाकणारा माणूस, अशी आमच्याकडे समजूत. साहेब चिडला की दुभाष्यानं ते गोड करून सांगावं, युनियनवाल्यानं शिवी दिली की ती गाळावी. बाई काही गाळत नसत. एकदा शिवीला नेमका जपानी शब्द सापडेना, तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितलं, "यांनी तुमच्या आईचा उल्लेख केला आहे. आदरानं नाही." आणि पुढच्या वाक्याची वाट बघत उभ्या राहिल्या.

बाई बुटक्या. सुती साडी, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. बोलणाऱ्याच्या अर्धं पाऊल मागे उभ्या राहायच्या, नजर जमिनीकडे, आवाज रेल्वेच्या चौकशी खिडकीसारखा सपाट. शिवाय "साहेब म्हणतात" वगैरे नाही, थेट "मी". त्यामुळे "मी या कंपनीचा अध्यक्ष आहे आणि मला या शेडमधली घाण बघून लाज वाटते," असं एक बुटकी बाई खाली बघून म्हणाली, की नव्या कामगाराला क्षणभर काही कळत नसे. मग तो अध्यक्षांना सोडून बाईंनाच घाबरू लागे.

नव्या शेडच्या उद्घाटनाला एक पुढारी आले होते. पुढारी आले की हार येतो, शाल येते, नारळ येतो, आणि भाषण तर येतंच. त्यांनी हात उंचावून सांगितलं, "या फाट्यापासून कारखान्यापर्यंत आम्ही जपानसारखा रस्ता करून दाखवू!" टाळ्या पडल्या. बाईंनी वाक्य जपानीत सांगितलं. पाहुण्यांमधल्या एका म्हाताऱ्या जपानी गृहस्थांनी मान लववून काहीतरी विचारलं. बाई माइकजवळ गेल्या आणि त्याच सपाट आवाजात म्हणाल्या, "कधी?"

पुढारी बाईंकडे बघू लागले.

"मी विचारलेलं नाही," बाई म्हणाल्या. "त्यांनी विचारलंय."

भाषण लवकर संपलं. आमचे जी. एम. साहेब पुण्याचे. त्यांना समारंभ मनापासून आवडत, त्यामुळे हे लागलं. ते म्हणाले, "मॅडम, जरा सांभाळून सांगत चला."

"सांभाळून बोलले, तर सांभाळून सांगते," बाई म्हणाल्या.

शिरूरच्या जुन्या मिशन कंपाउंडमध्ये बाईंचं घर होतं. वडील ख्रिस्ती कीर्तन करायचे, टाळ-मृदंगासकट. बाई लहानपणापासून त्यांच्या मागे पेटीवर. पुढे पुण्याला एस. टी.नं जाऊन जाऊन जपानी शिकल्या. जपानला मात्र कधी गेल्या नाहीत. लोकांना याचं फार नवल वाटे. बाईंना लोकांचं वाटे. त्या म्हणत, "जपानी माणूस रोज समोर बसतो. आणखी काय बघायचं राहिलं?"

समोर बसणाऱ्या त्या माणसाचं नाव हिरानो, जपानी रिवाजानं हिरानो-सान. साचे बनवण्यात निष्णात. दोन वर्षांसाठी म्हणून आले आणि राहिलेच. बायको वारलेली, एक मुलगी तिकडे. शिरूरच्या मंगळवार-शनिवारच्या बाजाराच्या गर्दीत पिशवी घेऊन भाजी आणायचे. त्यांचा ड्रायव्हर बबन न्हावरे गावचा. त्यानं त्यांचं 'हिरानो आबा' करून टाकलं. मग सगळा कारखाना आबा म्हणू लागला. बाई सोडून. बाई हिरानो-सानच म्हणत राहिल्या.

दुपारच्या चहाला या दोघांचा एक खेळ चाले. आपल्या भेंड्यांसारखाच, फक्त गाण्यांऐवजी शब्दांचा. एकानं शब्द म्हणायचा, त्याच्या शेवटच्या अक्षरानं दुसऱ्यानं नवा सुरू करायचा. आपल्याकडे 'ळ' आला की समोरचा फसतो. त्यांच्याकडे उलटं, एका ठरावीक अक्षरावर संपणारा शब्द जो म्हणेल तोच हरला. चहाचे पेले हातात धरून हे दोघं गंभीरपणे मांजर, छत्री, कासव, पाऊस असं काहीबाही एकमेकांना सांगत बसत आणि पोरं भोवती उभी राहून ऐकत. हिरानो-सान अडले की लबाडी करत. त्यांची मराठी सगळी बाजारातली. बाई म्हणाल्या, "आमे," म्हणजे पाऊस. हिरानो-सान जरा डोकं खाजवून म्हणाले, "मेथी!"

पोरं ओरडली, "आबा जिंकले!"

"मराठी चालत नाही," बाई म्हणाल्या. "दुसरा शब्द."

"अवो मॅडम, भाजी तर खरी हाय ना," बबन म्हणाला.

"भाजी खरी आहे. खेळात चालत नाही."

मग त्या थांबत. ही बाईंची दुसरी सवय. समोरच्याला शब्द सुचत नसला तर सुचवत नसत, डोळ्यांनीसुद्धा नाही. घड्याळाकडे बघत नसत. चहा निवून जाई, भोंगा वाजे, तरी बाई आपल्या थांबलेल्याच. कुणाची इतक्या निवांतपणे वाट बघणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

शनिवारी संध्याकाळी गेस्टहाऊसच्या हॉलमध्ये कराओके असे. जपानी मंडळींनी तिकडून मशीन आणलं होतं. नुसतं संगीत वाजतं, पडद्यावर शब्द येतात, आपण गायचं, आणि शेवटी मशीन गुण देतं. मी पहिल्यांदा गेलो तो हसायच्या तयारीनं. आमचे जी. एम. साहेब गायले आणि त्यांना नव्वदच्या वर गुण पडले, तेव्हा मशीनला जोर आवडतो हे माझ्या लक्षात आलं. त्या बाबतीत ते आमच्या कंपनीसारखंच होतं.

त्या हॉलचा एक न लिहिलेला नियम होता. प्रत्येकाचं एक गाणं ठरलेलं. ते त्याचं. तो हजर असो वा नसो, दुसऱ्यानं ते घ्यायचं नाही. ही चाल जपान्यांची, पण बाईंइतकी ती त्यांच्यातल्याही कुणी पाळली नसेल.

हिरानो-सान एन्का गात. एन्का म्हणजे त्यांच्याकडची जुन्या वळणाची गाणी. बंदर, बर्फ, दारूचा पेला, निघून गेलेलं माणूस, मागे राहिलेली आई. गाणारे किमोनो घालून, मूठ आवळून, डोळ्यांत पाणी आणून गातात आणि पाणी खाली पडू देत नाहीत. ते ऐकणाऱ्यांचं काम. हिरानो-सानांच्या खोलीत अशा एका गायिकेचं चित्र होतं. तिच्याकडे पाठ करून ते जेवायला बसत नसत. त्यांचं स्वतःचं गाणं एका खलाशाचं होतं. दर कडव्याच्या शेवटी तो म्हणतो, जहाजा, मला परत मिनाहामाला ने. मिनाहामा हे बंदराचं नाव. योगायोगानं हिरानो-सानांचं गाव त्याच किनाऱ्याला, त्याच बंदराच्या अंगाला होतं.

पण गाण्यातल्या गावाच्या जागी आपण जिथं बसलोय तिथलं नाव घालायचं, ही तिकडच्या मैफिलीतली एक गंमत असते. हिरानो-सानांनी पहिल्याच शनिवारी ती केली. शेवटच्या ओळीला छाती भरून म्हणाले, "शिरूरु!" घोडनदीला पाणी असलं तर गुडघाभर, तिथं त्यांनी बंदर बांधलं. हॉल उठून उभा राहिला. त्यानंतर दर शनिवारी, दर कडव्याला, शिरूरच. मूळ नाव आमच्यापैकी कुणी त्यांच्या तोंडून ऐकलंच नाही. ते पडद्यावर उमटायचं, आणि बाईंनी मला अर्थ सांगितला म्हणून मला ठाऊक.

बाई बरेच शनिवार नुसत्या बसून होत्या. एकदा हिरानो-सानांनी माइक त्यांच्या हातात दिला. बाई उभ्या राहिल्या, नजर जमिनीकडे. मला वाटलं, आता चौकशी खिडकी उघडणार. संगीत सुरू झालं. एका बाईचं गाणं होतं, पावसात स्टेशनवर उभ्या असलेल्या. पहिल्या ओळीला काही विशेष घडलं नाही. दुसऱ्या ओळीच्या शेवटी एन्कात आवाजाला एक पीळ घालतात. सूर तुटतो असं वाटतं, तो तुटत नाही, वळसा घेऊन खाली उतरतो. बाईंनी तो पीळ घातला आणि समोरच्या रांगेतल्या जपानी इंजिनिअरनं हातातला पेला हळूच खाली ठेवला. तो वळसा मी ओळखला. कीर्तनात अभंगाचा शेवटचा चरण सोडताना बुवा घालतात तो. दिवसभर दुसऱ्यांच्या रागालोभांची ने-आण करणाऱ्या त्या सपाट आवाजात हे सगळं कुठं ठेवलेलं होतं? मी पुष्कळ गाणी ऐकली आहेत, तिकिटं काढून ऐकली आहेत. त्या दिवशी मला उगाच चष्मा पुसावा लागला.

गाणं संपलं. मशीननं बाईंना बासष्ट गुण दिले.

हिरानो-सान उठले, मशीनपाशी गेले आणि गुण द्यायची कळ बंद केली. ती पुन्हा कधी चालू झाली नाही. जी. एम. साहेबांना थोडं वाईट वाटलं.

हिरानो-सान बाईंना एवढंच म्हणाले, "हे आता तुमचं." तेव्हापासून ते गाणं बाईंचं.

मग एका सकाळी कुरकुंभला एका पुरवठादाराचा कारखाना बघायला गेलेले हिरानो-सान साच्यापाशी उभे असताना खाली कोसळले. बबननं गाडी दौंडच्या दवाखान्यात आणली. मेंदूला झटका होता. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला आहे, इतक्यात हलवू नका. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. एकच शब्द राहिला: "हाई." म्हणजे हो.

जी. एम. साहेब भेटायला आले. "हिरानो-सान, शिरूरलाच राहायचंय ना?"

"हाई."

बाईंनी जपानीत विचारलं, "घरी जायचंय?"

"हाई."

"तुम्ही बैल आहात?"

"हाई," हिरानो-सान म्हणाले, आणि त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं. आपण काय बोलतोय हे त्यांना कळत होतं. जे म्हणायचंय ते येत नव्हतं.

इकडे सगळं ठरून गेलं होतं. कंपनी बंगला ठेवणार, नर्स ठेवणार. कामगार आळीपाळीनं जाणार. जी. एम. साहेबांनी ट्रेनिंग हॉलला हिरानो-सानांचं नाव द्यायचं ठरवून संगमरवरी पाटी कोरायला टाकली होती, आणि उद्घाटनाला खुद्द नाववाला चाकाच्या खुर्चीत हजर असणार, या कल्पनेनं ते हलून गेले होते. माणूस जिवंत असताना त्याचं स्मारक करायची संधी रोज येत नाही. अडचण मुलीची होती. तिनं फोनवर बाईंना सांगितलं, "बाबा तिथं राहतो म्हणाले तर मी आडवी येणार नाही, घरी यायचं म्हणाले तर घेऊन जाईन. पण ते म्हणाले पाहिजेत. तुम्ही रोज त्यांच्याजवळ असता. तुम्हाला काही म्हणाले का?"

एका वाक्याचं काम होतं.

"अजून नाही," बाई म्हणाल्या.

बबन माझ्यादेखत त्यांच्यावर चिडला. "अवो मॅडम, आबा शिरूर सोडून कुठं जात्यात? दर शनवारी गात व्हते न्हाई का? तुमाला म्हाईत हाय, मला म्हाईत हाय. एवढं म्हना की, राहतो म्हनले!"

"मलाही तसंच वाटतं, बबन."

"मंग?"

"वाटतं ते माझं आहे. त्यांचं नाही."

"न्हेलं त्यांनला तिकडं, तर तुमाला चालंल का?"

बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला. "नाही चालणार," त्या म्हणाल्या. एवढंच.

दुपारी शिफ्टमधून सुटल्या की त्या दौंडची एस. टी. धरत. मी अधूनमधून जात असे. खिडकीतून जंक्शनचा भोंगा ऐकू येई, गाड्यांच्या घोषणा तीन-तीन भाषांत येत. बाई खाटेजवळ बसून शब्द म्हणत आणि थांबत. उत्तर येत नसे. दुसरा शब्द. पुन्हा थांबणं. मला ते बघवत नसे. मग एक दिवस त्यांनी आपलं गाणं म्हटलं, पावसातल्या बाईचं, हलक्या आवाजात, आणि ओळीचा शेवटचा शब्द गिळला. खाटेवरून तो शब्द आला. वेडावाकडा, पण सुरात. नर्स दारात थबकली. बोलता न येणाऱ्याला गाता येतं, हे डॉक्टरांना ठाऊक होतं, आम्हाला नव्हतं. पुढचे कितीतरी दिवस बाई हॉलमध्ये कुणाच्याच नावावर नसलेली गाणी अर्धी सोडत राहिल्या आणि हिरानो-सान पुरी करत राहिले. त्यांचं स्वतःचं गाणं मात्र बाईंनी घेतलं नाही.

"तेच का नाही म्हणत?" मी विचारलं.

"ते त्यांचं आहे," बाई म्हणाल्या. "मी कसं म्हणू?"

मुलगी आली त्या दिवशी खोलीत आम्ही बरेच होतो. मुलगी, जी. एम. साहेब, बबन, मी. बाईंनी फोन उशाशी ठेवला आणि त्या खलाशाच्या गाण्याचं नुसतं संगीत लावलं. स्वतः एक अक्षर म्हणाल्या नाहीत. हिरानो-सानांनी डोळे मिटले. डाव्या हाताची मूठ वळली. ते गाऊ लागले. शब्द घसरत होते, सूर जागेवर होता. कडव्याचा शेवट जवळ आला तसा बबन हसू लागला, त्यानं हात टाळीसाठी उचलले.

हिरानो-सान म्हणाले, "मिनाहामा."

बबनचे हात तसेच राहिले. दुसऱ्या कडव्यालाही, "मिनाहामा."

संगीत थांबलं. मुलगी डोळे पुसत हसली आणि काहीतरी म्हणाली. बाईंनी सवयीनं भाषांतर केलं: "किती छान. गाणं अजून जसंच्या तसं आठवतंय."

तेव्हा मला कळलं, की तिला काही कळलेलं नाही. ती लहानपणापासून ते गाणं तसंच ऐकत आली होती. त्यातलं आमचं शिरूर तिला ठाऊकच नव्हतं. त्या खोलीत नुसतं गप्प राहिलं असतं, तर हिरानो-सान आमचे राहिले असते. बबन बाईंकडे बघत होता. जी. एम. साहेबही बघत होते, त्यांनाही काहीतरी चुकल्याचं जाणवलं होतं.

बाईंनी जमिनीवरची नजर उचलली. हे मी कधी पाहिलं नव्हतं. त्या मुलीच्या डोळ्यांत बघून जपानीत बोलू लागल्या, हळूहळू, शब्द शोधत, जणू ही भाषा आत्ताच शिकत होत्या. बोलून झालं, आणि मग, इतक्या वर्षांची सवय, आमच्याकडे वळून स्वतःच्याच बोलण्याचं मराठी करून सांगितलं:

"आता जे सांगते ते माझं आहे. इथं आल्यापासून यांनी या ओळीत कधीही बंदराचं नाव घेतलं नाही. दर वेळी शिरूर म्हणाले. आज पहिल्यांदा मिनाहामा म्हणाले. त्यांना घरी जायचंय. त्यांना न्या."

मुलगी खाटेपाशी गेली, खाली वाकली. हिरानो-सानांनी तिच्याकडे बघून तेवढी एकच ओळ पुन्हा म्हटली, संगीताशिवाय.

बाहेर बबन भिंतीला टेकून उभा होता. "मॅडम, जीभ वळत न्हाई त्यांची. शिरूर म्हनायला गेले आसत्याल."

"जीभ वळली, बबन. मी ऐकलं."

"मंग एवढी वरसं गात व्हते ते खोटं व्हतं व्हय?"

"नाही. तेव्हा ते खरं होतं," त्या म्हणाल्या. "आज हे खरं आहे." बबननं त्यांना टपरीवरून चहा आणून दिला. पेला हातात धरून त्या जंक्शनकडे बघत उभ्या राहिल्या. चहा निवून गेला.

संगमरवरी पाटी ट्रेनिंग हॉलवर लागली. समारंभ झाला, शाल-नारळ झाला. शनिवारचं कराओकेही चालू आहे म्हणतात. खलाशाचं गाणं कुणी घेत नाही.

बाई निवृत्त झाल्या, मीही झालो. मध्यंतरी एका रविवारी शिरूरला गेलो होतो. मिशन कंपाउंडवरून जाताना दिसलं, उपासना सुटून लोक पांगले होते आणि बाई त्यांच्या ख्रिस्ती देवळाच्या पायरीवर मांडीवर फोन ठेवून बसल्या होत्या. मी हाक मारणार, तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं. फोनच्या पडद्यावर उशीला टेकलेला एक म्हातारा चेहरा होता, मागच्या खिडकीत करडं पाणी.

"ताको," बाई म्हणाल्या. म्हणजे पतंग.

तिकडून काही येईना. ओठ हलत होते. मी पायरीच्या कडेला उभा राहिलो. एक रिक्षा येऊन गेली, देवळाचं दार कुणीतरी ओढून घेतलं. बाई थांबल्या होत्या, चहाच्या वेळी थांबायच्या तशाच, घड्याळाकडे न बघता.

"को..." तिकडून आलं. "को... कोथिंबीर."

पडद्यावरचा चेहरा अर्ध्या बाजूनं हसला. मला वाटलं, आता तरी बाई चालवून घेतील.

"मराठी चालत नाही, हिरानो-सान," बाई म्हणाल्या. "दुसरा शब्द."

आणि पुन्हा वाट बघत बसल्या.